म्हाताऱ्या उंदरांची खूण

मी एक जुना निळा टब आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात म्हाताऱ्या उंदरांची परीक्षा झाली आहे. हसू नका. तुमच्या शाळेतल्या परीक्षेत नापास झालं तर कोणी बुडत नाही.

मूळचा मी मच्छीमाराच्या घरचा. एकोडीच्या श्यामलालने मला मत्स्यबीज आणायला घेतलं होतं. रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं माझ्यातून तलावात गेली. पुढे श्यामलाल साकोलीकडच्या एका कॉलेजात शिपाई झाला. तिथे डिंपल नावाची मुलगी उंदरांच्या म्हातारपणावर पीएच.डी. करत होती. तिला मोठा गोल टब हवा होता आणि कोटेशन, सह्या, शिक्के यांत चार महिने गेले होते. शेवटी श्यामलाल म्हणाला, "बाई, माह्या घरी पडून हाय एक. घेऊन येऊ का?" असा मी प्रयोगशाळेत आलो. मासळीचा वास जावा म्हणून मला तीनदा घासलं. अपमानच तो, पण गिळला.

काम सोपं होतं. माझ्यातल्या पाण्यात दुधाची भुकटी कालवायची, म्हणजे तळ दिसत नाही. एका बाजूला पाण्याखाली छोटा पाट लपवायचा. उंदीर सोडायचा. त्याने पोहत पाट शोधून वर चढायचं. पाट रोज त्याच जागी. तरुण उंदीर चार दिवसांत जागा पाठ करत. म्हातारे होते दीड वर्षाचे. उंदराचं दीड वर्ष म्हणजे माणसाची साठी जवळ आली म्हणा. डिंपलने त्यांना पिल्लं असल्यापासून वाढवलं होतं. तेही रडतखडत शिकले. श्यामलाल पाटाच्या बाजूला स्टुलावर बसे, खांद्यावर पांढरा दुपट्टा, आणि चढलेल्या उंदराला उचलून पुसून काढी.

मग श्यामलाल पुतणीच्या लग्नाला करडीला गेला. चार दिवस डिंपलने एकटीनेच काम केलं. अडचण नको म्हणून स्टूलही बाहेर ठेवलं. तरुण उंदीर सरळ पाटावर गेले. म्हातारे मात्र गोल गोल फिरत राहिले, एकालाही पाट सापडेना. डिंपलच्या सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे गेले कामातून. सोमवारी काढून टाक. नवीन वाढव." काढून टाक म्हणजे मारून टाक, मित्रांनो. प्रयोगशाळेत शब्द असे धुऊन वापरतात. नवे म्हातारे करायचे तर आणखी दीड वर्ष, आणि डिंपलच्या हाती सहा महिने उरलेले. ती माझ्या काठावर कोपर टेकून रडली. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू?

शनिवारी श्यामलाल परतला. "काहून रडून राहिली, बाई?"

"म्हातारे सगळे विसरले, काका. माहं दीड वर्ष पाण्यात गेलं."

श्यामलालने स्टूल आणून जागेवर ठेवलं आणि बसला. "सोड बरं एक."

तिने सोडला. तो तडक पाटावर चढला. दुसरा, तिसरा, तसंच. डिंपल बघतच राहिली.

"तलावात जाळं कुठं टाकलं ते पाण्यावर लिहून नसते, बाई," श्यामलाल म्हणाला. "काठावरचं झाड पाहूनच जागा ओळखतो आमी. तरण्याले धा झाडं ध्यानात राहतात. म्हाताऱ्याले एकच. या म्हाताऱ्या उंदरायचं झाड मीच होतो वाटते."

डिंपल शहाणी. तिने पाट तिथेच ठेवला आणि श्यामलालला समोरच्या बाजूला बसवलं. तरुण उंदरांनी खिडकी, कपाट, दार पाहिलं आणि पाट गाठला. म्हातारे एकूण एक श्यामलालकडे गेले. तिथे पाट नव्हता. कान कातरलेला सगळ्यांत थोरला उंदीर त्याच्यासमोर माझी भिंत खरवडत राहिला. नखं गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत होती. मिनिट होईपर्यंत हात लावायचा नाही, असा नियम होता. श्यामलालने चाळीस सेकंदांतच हात घातला.

"काका! मोजणी बिघडली ना!"

"बिघडू दे." त्याने उंदीर दुपट्ट्यात गुंडाळला. "तो नाही चुकला, बाई. मीच चुकवलो त्याले."

डिंपलने ती मोजणी खोडली नाही. घडलं तसं लिहिलं. सोमवारी सरांनी वही दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हाताऱ्यांना राहू द्या म्हणाले. पुढे प्रबंधात तेच मुख्य प्रकरण झालं.

मी आता मागच्या व्हरांड्यात पालथा पडलेला आहे, काठाला चीर गेली आहे. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. प्लास्टिकचं काय एवढं! पण मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस उद्या ओळखीच्या अंगणात वाट चुकलं, तर त्याचं डोकं गेलं म्हणण्याआधी एवढं पाहा, की रोज त्याच्यासमोर बसणारे तुम्ही कुठे उठून गेला होतात.