एकाच बाजूला लिहिलेलं

"दोन जुळ्या बहिणी सारख्या दिसतात म्हणून एकीच्या लग्नात दुसरीला उभी करशील का? नाही ना? मग थांब. दोघींना नीट ओळख आणि मगच पुढच्या ओळीवर जा."

मास्तरांचा हा आवाज एकवीस वर्षं माझ्या कानात आहे. मी छापखान्यात प्रूफं तपासायला लागले त्या पहिल्याच दिवशी, एका औषधाच्या माहितीपत्रकात, सारख्या दिसणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांपैकी भलताच मी तसाच जाऊ दिला होता. मास्तर आमचे मुख्य मुद्रितशोधक. ते ओरडले नाहीत. जुळ्या बहिणींचं तेवढं सांगितलं.

आज मालकांच्या केबिनमध्ये उभी असताना तो आवाज पुन्हा आठवला. मला फार राग आला होता आणि बोलता येत नव्हतं. दिवेलागणीपर्यंत तोंडातून कडू शब्द काढायचा नाही, हे माझं रोजचं व्रत. कधीकधी वाटतं, याच्यापेक्षा उपास सोपा.

"पुढच्या आठवड्यात नक्की, बाई," मालक म्हणाले.

"हा चौथा पुढचा आठवडा, साहेब."

"अहो, कामाची गर्दी बघताय ना? आणि खरं सांगू? हल्ली कॉम्प्युटरच चुका दाखवतो. खाली लाल रेघ मारतो. कोण वाचणार आहे ते?"

"शब्द चुकीचा लिहिला तर रेघ मारतो. बरोबर शब्द चुकीच्या जागी बसला, तर तो गप्प बसतो."

"मग गप्प बसायला त्याच्याकडून शिका की थोडं," असं म्हणून ते स्वतःच हसले.

छापायची होती ती मास्तरांची वही. लोक ज्यांची हटकून गल्लत करतात अशा इंग्रजी शब्दांच्या चारशे बारा जोड्या. डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, आणि प्रत्येकाखाली आपल्या भाषेत, घरातला दाखला. कंटिन्युअल म्हणजे ठिबकणारा नळ, कंटिन्युअस म्हणजे उघडा राहिलेला. शेजारणीकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून जळणं ही एन्व्ही; आपल्याकडचं शेजारीण नेईल म्हणून जळणं ही जेलसी. अख्खी वही जांभळ्या शाईत.

मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता त्यांची नजर जात चालली आहे. डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले आहेत. त्यांचे डोळे आहेत तोवर वही छापून हातात देईन, असं मी त्यांच्या पायाशी बसून कबूल केलं होतं.

गेल्या रविवारीच त्यांच्या मुलीचा फोन आला होता. "मावशी, बाबा रोज विचारतात. आता अक्षर बोटभर मोठं असलं तरच दिसतं त्यांना. घाई करा हो."

मालकांचा फोन वाजला. त्यांनी पॅड पुढे ओढलं, काहीतरी लिहिलं, चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. "जाताजाता एवढं बाइंडरला द्या."

दाराशी येऊन मी चिठ्ठी उलटी केली. मागे जांभळी शाई होती.

बाइंडर कटिंग मशीनपाशी गोंदाचे हात पुसत होता. मी चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. "हा कागद कुठून आला?"

"कच्च्या पॅडचा. का?"

"याच्या मागे काय आहे बघितलंस?"

"मागे काहीतरी असतंच की. एक बाजू कोरी दिसली की कापायचा आणि पॅड करायचं. बावीस वर्षं हेच करतोय."

"एवढं हाताने लिहिलेलं अक्षर दिसलं नाही तुला?"

"अक्षर तर रोजच दिसतं, बाई. छापखाना आहे हा." मग त्याने चिठ्ठी हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. "मास्तरांचं? अरे देवा. कापायच्या टेबलावर सुटी चळत पडली होती. ना दोरी, ना चिठ्ठी. मला वाटलं रद्दी."

मला एकदम सगळं आठवलं. कडा सारख्या करून घ्याव्यात म्हणून वहीची शिवण मीच उसवली होती. चळत टेबलावर मीच ठेवली होती. बाइंडर जागेवर नव्हता, आणि घरी दिवा लावायची वेळ टळेल म्हणून मी घाईने निघाले होते. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी फॉर्मांचं मोठं काम आलं, उद्याचं राहिलंच, आणि चळत बाइंडरकडे जपून असेल असं मी धरून चालले. वर चार आठवडे मी मालकांच्या नावाने मनात बोटं मोडत होते.

मास्तर जुन्या शिस्तीचे. छापखान्यात द्यायचा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचा गोंधळ होत नाही. खिळे गेले, जुळारी गेले, मास्तर मात्र एकाच बाजूला लिहीत राहिले. त्या कोऱ्या बाजूनेच घात केला.

दुपारभर आम्ही दोघं पॅडं गोळा करत फिरलो. कागद बरोबर मधोमध कापलेले, त्यामुळे प्रत्येक जोडीची ताटातूट झालेली. फाटकावर जेलसीच्या पाठीवर गाड्यांचे नंबर होते. एन्व्हीचा पत्ताच नव्हता. चहाच्या टेबलावर ठिबकणाऱ्या नळावर कप ठेवलेला.

"अहो बाई, चिठ्ठीच ती! दुसरं पॅड देतो की," फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

"हेच हवंय मला."

"या छापखान्यात माणसाला कधी काय हवं होईल, सांगता येत नाही!"

संध्याकाळी मोजलं. दीडशेच्या आसपास अर्धुकं. बाकीची कुणाकुणाच्या टोपलीत गेलेली. वरच्या अर्धुकावर रिग्रेट हा शब्द होता. खाली मास्तरांचं अक्षर: "झालं ते व्हायला नको होतं, असं वाटणं. कुणालाही वाटू शकतं, लांबच्या माणसालासुद्धा." उजवी बाजू कापलेली. तिथे रिमोर्स होता. त्याखालचं मला पाठ होतं: "ते माझ्या हातून झालं, हे टोचणं. याला लांबचा माणूस चालत नाही."

खिडकीबाहेर अंधारू लागलं. व्रताची वेळ संपली होती. आता कितीही कडू बोलता आलं असतं. पण बोलणार कुणाला?

मी सुनेला फोन लावला. "आज दिवा तू लाव गं. मला उशीर होईल."

"बरं वाटत नाही का, आई?" तिने घाबरून विचारलं. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं.

"बरी आहे. एक काम राहिलंय."

मग मी बाइंडरकडे गठ्ठ्यांवर नावं घालायचा जाड पेन मागितला. त्याने पेन दिला आणि न मागता कोऱ्या कागदांची चळत पुढे केली, चांगली, दोन्ही बाजू स्वच्छ असलेली. मी बोटभर उंचीच्या अक्षरात पहिली जोडी लिहिली. एका कागदावर जेमतेम एकच जोडी मावली.

"चारशे बारा अशा?" तो म्हणाला. "सगळ्या आठवतील?"

"नाही. आठवणार नाहीत त्या त्यांना विचारीन. आणि वही कशी गेली तेही सांगेन."

"मागच्या बाजूलाही लिहा की. निम्मा कागद वाचेल."

"नको," मी म्हटलं. "एकाच बाजूला."

त्याने चळतीला दोरी बांधली, वर चिठ्ठी लावली आणि तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं: रद्दी नाही. मी ती छातीशी धरली, पेन पर्समध्ये टाकला आणि घराचा रस्ता सोडून मास्तरांच्या गल्लीकडे वळले.