खिळ्यावरच्या डावाचा राग

मित्रांनो, मी एक जुना डाव आहे. पातेल्यातला रस्सा ताटात वाढतात ना, तो. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर ताटात निम्मी भाजी टाकून उठणाऱ्यांशी माझी कसली मैत्री!

लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी वहिनींच्या खाणावळीत आलो. वहिनी म्हणजे मालकीण. अख्खं गाव त्यांना वहिनीच म्हणतं. बाकं डुगडुगती, भिंती धुरकट, पण मटार-बटाट्याचा रस्सा असा की माणसं पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेत. मांसाचा तिथे कणही शिरत नसे. वहिनींनी जन्मात ते चाखलं नव्हतं, आणि समोरच्या दुकानातल्या शिंपीकाकांनीही.

गिऱ्हाइकाआधी आपण चव घ्यायची नाही, हा वहिनींचा हट्ट. म्हणून पहिला डाव काकांच्या ताटात पडायचा. त्यांची मान हलली की मगच बाकीच्यांना वाढायचं. वहिनींचा चेहरा तेव्हा असा खुलायचा की मलाच मोठेपण वाटायचं.

मग त्यांचा दीर गल्ल्यावर येऊन बसला. मेला आयतोबा! रस्त्यापलीकडे मटणाची खाणावळ निघाली होती, आमचं गिऱ्हाईक पांगत होतं. "वहिनी, हा पाला आता कोण खाणार?" असं तो उठता बसता म्हणायचा. एकदा वहिनी भाजी आणायला गेल्या, तेव्हा या दिवट्याने पलीकडून हाडं उकळलेलं पाणी आणून पातेल्यात ओतलं. आणि ढवळून घेतलं माझ्याकडून! संतापाने मी नुसता पेटलो होतो. पण मला तोंड कुठे आहे?

काकांनी घास घेतला, डोळे मिटले. "वहिनी, आज काय चव आलीय हो हाताला!" म्हणत मान दोनदा हलवली. ओळखणार कसे? कधी खाल्लंच नव्हतं बिचाऱ्यांनी. दीर गल्ल्यावर मिशीत हसत होता.

पण आळशाने मला न धुताच खिळ्याला टांगलं. थंडीचे दिवस होते. सकाळी वहिनींनी मला हातात घेतलं, तर माझ्या वाटीत पांढरा थर गोठलेला. त्यांनी तो नखाने खरवडून नाकाशी नेला. आमचं तेल कधी असं गोठत नसे.

"भावोजी, काय कालवलंत यात?"

"हाडांचं पाणी. लोक खूश आहेत ना? मग गप्प बसा. बोललात तर खाणावळ बुडेल."

वहिनींनी मला असं भिरकावलं, की मी त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलो. हा पोचा तेव्हाचाच. दीर तेव्हा जो पळाला, तो पुन्हा फिरकला नाही.

दुपारी काका हौसेने आले. "कालचाच रस्सा येऊ द्या."

वहिनींनी मला पातेल्यात घातलंच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "काका, काल तुमच्या ताटात मांसाचं पाणी होतं. मला ठाऊक नव्हतं. पण वाढलं मीच."

काका उठले. बाहेरच्या नळावर कितीतरी वेळ चुळा भरत राहिले आणि तसेच दुकानात गेले. त्यांच्यामागून निम्मी बाकं रिकामी झाली.

बऱ्याच दिवसांनी काका परत आले. आता ते आधी मला मागून घेतात, वाटीत अंगठा फिरवतात, उजेडाकडे धरून बघतात. मग बसतात, जेवतात, उठून जातात. वहिनी वाढून झाल्यावर अजून क्षणभर थांबतात. मान काही हलत नाही.

तर मित्रांनो, भांडी धूत जा, तीही घासून. आणि कोणी डोळे मिटून तुमच्यापुढे ताट धरलं, तर त्यात भलतंसलतं वाढू नका. वाढलंत, तर ध्यानात ठेवा, वहिनींचा नेम त्या दिवशी थोडक्यात चुकला होता. मी अजून त्याच खिळ्यावर आहे, त्यांच्या हाताशी.