बुनचूसाहेबांचा बाण

बान नोंगखाम गावच्या सरकारी कचेरीत बुनचूसाहेबांच्या जांभईचा मोठा दरारा होता. जांभई येतेय असं दिसलं की चपराशी तोंग टेबलावरचे कागद दोन्ही हातांनी दाबून धरायचा. एकदा म्हणे त्या वाऱ्याने जनावरांच्या नोंदीचं पान उडून तळ्यात पडलं आणि गावातल्या अकरा म्हशी सरकारदरबारी जन्मल्याच नाहीत. खरंखोटं म्हशींना ठाऊक.

बुनचू माणूस वाईट नव्हता. बाविसाव्या वर्षी वडिलांनी त्याला खाकी गणवेशात उभं करून फोटो काढला, भिंतीवर लावला आणि सांगितलं, "आता हलायचं नाही." तो अठ्ठावीस वर्षं हलला नाही. शिक्के मारले, सह्या केल्या आणि आलेल्या प्रत्येक अर्जावर "पुढच्या आठवड्यात या" असं सांगितलं. रविवारची संध्याकाळ झाली की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून, ठोकून पाहिलं आणि आत काही नाही म्हणाले. आत काही नव्हतं हीच तर तक्रार होती.

पोरवयात तो असा नव्हता. तेव्हा तो विहारामागच्या पडवीत भंते सुक यांच्या हाताखाली उत्सवाचे शोभेच्या दारूचे बाण भरायचा. वैशाखात पावसाच्या देवाला आठवण करून द्यायला हे बाण आभाळात सोडतात. लहानसहान नव्हे, माणसाच्या दुप्पट लांबीचे. नळीत दारू ठासली की बुनचू तिच्यावर नखाने टकटक करी आणि कुठे भुसभुशीत राहिलंय ते सांगे. पण वडील म्हणाले, "बाणवाल्यांच्या सदऱ्याला भोकं असतात." झालं. तेव्हापासून विहारावरून जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा.

यंदा भंतेच कचेरीत आले. खुर्चीवर बसले आणि सरळ म्हणाले, "चू, माझे हात थरथरतात. यंदा गावच्या बाणाला भोक तू पाड."

बाणाचं सगळं कसब त्या भोकात. ठासलेल्या दारूच्या मधोमध सळईने ते पाडायचं. सूतभर तिरकं गेलं की बाणही तिरका.

"भंतेजी, मला वेळ कुठाय? आणि उत्सवाला तालुक्याचे साहेब यायचेत. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या सहीसाठी थांबलाय."

"मग?"

"बाण फुसका निघाला तर मला चिखलात टाकतील. त्यांच्यादेखत."

टाकलं असतंच. ज्याचा बाण उंच जातो त्याला खांद्यावर घेऊन नाचायचं आणि ज्याचा फुसका निघतो त्याला तितक्याच थाटात उचलून चिखलात फेकायचं, हा तिथला रिवाज. कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे त्यावर अपीलही नाही.

"मला सात वेळा टाकलंय," भंते म्हणाले. "चीवर घेतल्यापासून लोक लाजतात, म्हणून माझा मीच जातो." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "तू चिखलाला घाबरतोस असं सांगतोयस. मला वाटतं, मजा येईल म्हणून घाबरतोस. मजा आली तर गेलेल्या अठ्ठावीस वर्षांना काय तोंड दाखवायचं?"

बुनचूने समोरच्या कागदावर उगाच एक शिक्का मारला. घरी येऊन बायकोला सांगितलं. केसोन कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होती. ती प्रत्येक वाक्याला मुसळ घालत गेली.

"अहो, तुम्ही तालुक्याला हेडक्लार्क होणार म्हणून उबोन शहरात ताईला कळवून बसलेय मी. आधी बढती होऊ द्या, मग अख्खं गाव उडवा. आणि त्या भंतेजींना कामधंदा नाही काय?"

"मी नुसता बघून येतो."

"नुसतं बघायला गेलेला पुरुष कधी नुसता परत आलाय?"

आला नाहीच. त्याने पडवीत जाऊन नळीवर एकदा नख वाजवलं, कान लावला आणि म्हणाला, "खालून वीतभर वर ठासणी ढिली आहे. सगळं काढा." पडवीतली माणसं कुरकुरली, पण काढलं तर ढिलं निघालं. पुढचे चौदा दिवस बुनचू कचेरी सुटली की तिथेच. घरी यायचा तो कोळसेवाल्यासारखा काळा होऊन आणि बसल्या बैठकीला दोन करंड्या चिकट भात संपवायचा. दोन रविवार आले नि गेले, पोटाला पत्ताच लागला नाही. कचेरीत तो शिक्के मारताना गुणगुणायला लागला. एका म्हातारीचा पाणंदीचा अर्ज तीन वर्षं पडून होता, तो त्याने उभ्या उभ्या मंजूर केला. म्हातारी घाबरून म्हणाली, "साहेब, बरं आहे ना? मी पुढच्या आठवड्यात येते."

सळईने भोक पाडून बाण तयार झाला तसा बुनचूचा जीव त्यात अडकला. पडवीत कुत्री येतात, शेजारगावचे लोक येतात. त्यातून हाडाचा कारकून. महत्त्वाची वस्तू दप्तराच्या खोलीत ठेवायची, एवढंच त्याला माहीत. भंते वामकुक्षीत होते तेवढ्यात त्याने चौघांकडून बाण उचलून कचेरीत नेला, आवक क्रमांक घातला आणि दप्तराच्या खोलीत दोन दिवस कुलपात ठेवला. सगळ्या कचेरीत तेवढ्याच खोलीला गार हवेचं यंत्र होतं.

उत्सवाच्या दिवशी ऊन नुसतं ओतत होतं. ढोल, नाच, भाताची दारू. मांडवात तालुक्याचे साहेब बसले आणि त्यांच्या शेजारी रेशमी वस्त्र नेसून केसोन. बाण कुलपातून निघून थेट उन्हात आला. बुनचूने मायेने हात फिरवला, हात ओला झाला. आपलाच घाम, असं त्याला वाटलं.

वात पेटली. बाण घुमला, नारळाच्या झाडाएवढा वर गेला, काहीतरी घरी विसरल्यासारखा थांबला आणि वळून भाताच्या खाचरात येऊन बसला.

 मग चौघेजण बुनचूकडे निघाले. सगळ्यात पुढे चपराशी तोंग, खाली मान घालून.

"साहेब, डोकं आधी की पाय?"

"रिवाजाप्रमाणे कर," बुनचू म्हणाला.

त्यांनी त्याला असा फेकला की तो चिखलात बुडाला आणि शेजारच्या गावात निघाला असं काहीजण सांगतात. ते खोटं आहे. तो तिथेच वर आला, आणि तोंडातला चिखल थुंकून पहिलं वाक्य ओरडला, "भंतेजी, घाम बाणाचा होता!"

भंते बांधावर उभे होते. "गार बाटली उन्हात काढली की काय होतं, हे कळायला भिक्खू लागतो होय रे?"

"आत ओल धरली दारूने. तोंडाशी तेवढी कोरडी. म्हणून आधी उठला नि मग बसला. पण भोक? भोक सरळ होतं ना?"

"माझ्यापेक्षा सरळ."

हे ऐकून बुनचू चिखलात बसल्या बसल्या हसायला लागला. मग कमरेपर्यंत रुतलेल्या अवस्थेत त्याने भोवतीच्या माणसांना दमटपणा, कोळशाची पूड आणि सोऱ्याचं प्रमाण समजवायला घेतलं. हातवारे करत होता, चिखल उडवत होता, मध्येच स्वतःलाच "नाही, थांब" म्हणत होता.

मांडवात केसोनने आधी पदराने तोंड झाकलं होतं. तो आवाज कानावर आला आणि तिचा हात खाली आला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तीस वर्षांपूर्वी जत्रेत एका पोराने तिला तासभर कोळशाची माहिती दिली होती. तिला अक्षर कळलं नव्हतं, पण बोलताना त्याचे डोळे बघून तिने लग्न केलं होतं. मग तो पोरगा कुठे गेला, ते या दिवसापर्यंत तिला समजलं नव्हतं. गणवेश इस्त्री करता करता आपणही त्याला घडी घालून ठेवला, हे तिला कळलं.

साहेबांनी नाकावरचा चष्मा सारखा केला. "बाई, हेच का आमचे होणारे हेडक्लार्क?"

"नाही साहेब," केसोन उठत म्हणाली. "हे बाणवाले आहेत. कारकुनी पोटापुरती करतात. तुम्ही दुसरा बघा." आणि रेशमी वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचून ती खाचराकडे निघाली, कारण नवऱ्याला एकट्याला बाहेर येता येत नव्हतं.

बढती दुसऱ्या कुणाला मिळाली, त्याला लखलाभ. बुनचू होता तिथेच राहिला. साडेचार वाजता कचेरी सुटते आणि पावणेपाचला तो पडवीत असतो. पुढच्या वर्षी त्याच्या बाणाने साहेबांचा मांडव नेला. त्याच्या पुढच्या वर्षीचा मात्र असा गेला की बघणाऱ्यांच्या माना दुखल्या, आणि तो अजून खाली आलेला नाही. कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाला आता बसायला सांगतात.

मंडळी, नोकऱ्या सोडा, असं यात कुणी म्हटलेलं नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण ज्या कामात माणूस चुकला तरी हसतो, ते काम ज्याने त्याने शोधावं आणि रोज थोडा वेळ तरी त्याला द्यावा. प्रतिष्ठेच्या नावाखाली आपण घरातल्या माणसांचं ते काम काढून घेतो आणि मग त्यांची पोटदुखी घेऊन डॉक्टरांकडे फिरतो. तुमच्या घरात कुणी तुम्हाला न कळणाऱ्या गोष्टीबद्दल तासभर बोलत असेल, तर त्याला गप्प करू नका. कळलं नाही तरी ऐका. तो तेव्हा सुखात असतो, आणि सुखातल्या माणसाशी ज्यांचा संसार आहे, ज्यांची कामं त्याच्या टेबलावर आहेत, त्या सगळ्यांचाच दिवस बरा जातो.