दुसऱ्याच्या हातचं

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या गोदामांच्या मागे, कामगारांच्या कॅम्पाशेजारी, आत्माराम आणि मीनाक्षी पेडणेकरांची मेस आहे. धंदा दोघांचा, असं आत्माराम चारचौघांत सांगतो. म्हणजे फोडण्या देणं, भाज्यांचे डोंगर परतणं आणि डबे भरून घेणं मीनाक्षीचं, आणि गल्ल्यावर बसून 'हबीबी, गाडी निघाली, इन्शाल्ला पोचतेच' असं फोनवर सांगणं आत्मारामचं. गाडी तेव्हा दारातच उभी असते, ही गोष्ट वेगळी.

अबुधाबीला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, पर्णिकाने, आईबापांना जर्मनीतल्या नुरेंबर्गची चार दिवसांची सहल बुक करून दिली, तेव्हा मीनाक्षीने एकच अट घातली. तिथे ती दुसऱ्याच्या हातचं खाणार. काय, कसलं, कुणी केलेलं, याची तिला फिकीर नव्हती. अळणी असो, आंबट असो, नाव उच्चारताना जीभ वळो न वळो, भरलेलं ताट समोर यावं आणि ते तिने केलेलं नसावं.

"खलास. डन," असं म्हणून आत्मारामने मान डोलावली. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

मेस मीनाक्षीच्या हाताखालच्या सुजीतवर सोपवून ते निघाले. अबुधाबीच्या विमानतळावर बॅग काट्यावर चढवताना आतून खडखड आवाज आला. मीनाक्षीने तिथल्या तिथे चेन उघडली. आत्मारामच्या बनियनांत गुंडाळलेला छोटा राइस कुकर निघाला. त्याच्या पोटात मूगडाळ, तांदूळ, गोड्या मसाल्याची पुडी आणि लोणच्याची बाटली.

"हे काय?"

"इमर्जन्सी," आत्माराम म्हणाला.

"बाबा, प्लीज. इट्स अ हॉलिडे," सोडायला आलेली पर्णिका म्हणाली.

"अगं, तुझ्या आईच्या हातची सवय आहे मला. दुसरं काही गळ्याखाली उतरत नाही."

तेच त्याने काउंटरवरच्या केरळी मुलीला हिंदीतही ऐकवलं. ती कौतुकाने हसली. मीनाक्षी हसली नाही. हे कौतुक ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती, आणि दर वेळी ते ऐकून झालं की ओट्याशी जाऊन उभं राहावं लागत होतं.

नुरेंबर्ग मात्र देखणं निघालं. लाल कौलं, जाडजूड तटबंदी, टेकडीवर किल्ला. किल्ला पाहून आत्मारामने पहिला प्रश्न विचारला, की एवढ्या चढावर डिलिव्हरी कशी करत असतील. बाजाराच्या चौकात एक उंच कारंजं आहे. त्याच्या जाळीतलं कडं फिरवून मनातलं मागायचं, अशी तिथली पद्धत. आत्मारामने एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनचं कंत्राट मागितलं. मीनाक्षीने जेवण मागितलं.

कडं बहुधा बिघडलेलं असावं. कारण जेवायची वेळ झाली की आत्माराम दारादारातून नाक मुरडत पुढे जायचा. इथे वास येतो. इथलं मेनूकार्ड निव्वळ जर्मन. इथे भरदुपारी लोक बिअर पीत बसलेत, ह्यांना बॉस नाहीत का. शेवटी एका टपरीवर मीनाक्षीने बोटाएवढी सॉसेजेस भरलेला पाव स्वतःच घेतला. पहिला घास तिच्या तोंडात जायच्या आत तो म्हणाला, "तुझ्या खिम्याची सर नाही याला." आणि चाखायला म्हणून घेतलेला पाव त्यानेच संपवला.

संध्याकाळी खोलीत कुकर लागला. कुणी लावला, हे सांगायला नको. खिडकीतून शेकडो वर्षांचं चर्च दिसत होतं आणि मीनाक्षी मूगडाळीची खिचडी चिवडत होती. तिला रडू येत होतं. उरलेली खिचडी तिने नवऱ्याच्या ताटात लोटली. तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्मारामने आपण होऊन तोडगा काढला. "दुसऱ्याच्या हातचं हवं ना तुला? यल्ला, चल." आणि तिला एका इंडियन रेस्टॉरंटात नेऊन बसवलं. डाळ आली ती गोड. वर चक्क क्रीम. आत्मारामच्या अंगात धंदेवाला संचारला आणि तो वाटी घेऊन सरळ किचनमध्ये घुसला. बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"पाजी, दाल ऐसे नहीं बनती. मेरी मिसेस दुबई में पूरे कॅम्प को खिलाती है. दस मिनट में दिखा देगी."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात अ‍ॅप्रन होता. मागे रेस्टॉरंटचा सरदारजी मालक हात जोडून उभा.

"मीना, ऊठ. फक्त एक फोडणी. भला माणूस आहे गं."

मीनाक्षी उठलीसुद्धा. ओढणी खोचायला हात कमरेशी गेलासुद्धा. तेव्हा तिचं तिलाच कळलं आणि ती संतापली, नवऱ्यावर कमी आणि स्वतःच्या त्या मुकाट हातांवर जास्त. तिने अ‍ॅप्रन घेतला, झटकला, आत्मारामच्या गळ्यात घातला आणि मागे करकचून गाठ मारली.

"तुम्ही दाखवा."

"मी?"

"धंदा दोघांचा आहे ना?"

"आइए, शेफसाब," म्हणत मालकाने आत्मारामला दंडाला धरून आत नेलं. मीनाक्षीने पर्स उचलली आणि ती समोरच्या बिअरच्या खानावळीत जाऊन बसली. लांब बाकावर एक जर्मन आजी जेवत होती. मीनाक्षीने वेटरला तिच्या ताटाकडे बोट दाखवलं. तेच आलं. हाडाला लगडलेलं मटणासारखं काहीतरी, तपकिरी रस्सा आणि बटाट्याचा एक गुळगुळीत गोळा. मीठ कमी होतं. गोळा टाळूला चिकटत होता. आजीने मोहरीच्या सॉसची बरणी तिच्याकडे सरकवली. मीनाक्षी सुखाने जेवत होती.

बऱ्याच वेळाने आत्माराम शोधत आला. अंगाला जळक्या लसणाचा वास, शर्टावर हळदीचे शिंतोडे. तो समोर बसला.

"फोडणी जळली," तो म्हणाला. "मालक म्हणाला, पहिलीच डाळ बरी होती."

"असेल."

तो तिच्या ताटाकडे पाहत राहिला. त्याला सपाटून भूक लागली होती.

"काय आहे गं हे?"

"ठाऊक नाही."

"चव कशी आहे?"

"मी केलेलं नाही," मीनाक्षी म्हणाली, ताट स्वतःकडे ओढून घेतलं आणि मेनूकार्ड त्याच्यापुढे ठेवलं.