आराम दिलेली शीर

मी शीर बोलतेय. रक्ताची नव्हे हं! इंदुमतीबाईंच्या उजव्या टाचेमागची, पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी. वाकून चिमटीत धरून बघा, तुमच्याकडेही आहे. एरवी मी तोंड उघडत नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी जे झालं, त्याचा थरकाप अजून जात नाही.

जन्म माझा मिरजेचा. बाई लग्न होऊन झाशीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि मी चालतच राहिले. सीपरी बाजारची भाजी, देऊळ, मुलाची शाळा. पाऊल टेकलं की मी ताणली जायची, टाच सुटली की सप्पकन आखडायची. त्या उसळीनंच पाऊल पुढे पडायचं. पोटरीचे कष्ट वाचायचे, पण कौतुक तिचंच!

साठी उलटली तशी मी सैलावले. ढिल्या बाजेवरून उठून बघा, निम्मा जोर बाजेतच मुरतो ना? तसंच. मी नुसती लांबायची आणि पोटरीला जास्त आखडावं लागायचं. रस्ता तेवढाच, पण दम जास्त लागायचा. नात उर्वीला शाळेत सोडून आल्या की बाई दारातच धापा टाकायच्या.

सून सुरभी ते बघून पांढरीफटक पडली. तिचे वडील अशाच धापा टाकत गेले होते, हृदयानं. नवरा भूषण रेल्वेत, सतत गाडीवर, घरात पाच वर्षांची पोर. तिनं कुणाला विचारलंच नाही.

"आई, आजपासून उठायचं नाही. पाणीसुद्धा मी देणार."

"अगं, मला काय धाड भरलीय?"

"मला भीती वाटते, आई."

शेजारच्या भाभी हसल्या, "अम्माजी तो महारानी हो गईं!"

दोन महिने बाई खाटेवर. मलाही वाटलं, चला, सुख लागलं. कसलं सुख! रोज थोडी थोडी ढिली पडत गेले.

मग एक दिवस सुरभी तापानं फणफणली. बाईंनी गुपचूप उर्वीचा हात धरला आणि शाळेची वाट धरली. पुलाच्या चढावर पोटरीनं मला ओढलं, मी लांबतच गेले. टाच उचलेना. बाई रस्त्यातच मटकन बसल्या.

"आजी, उठो ना! ऑटो आ रहा है!" उर्वी किंचाळली.

ऑटो हातभर अंतरावर करकचून थांबला.

दवाखान्यात छातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "दिल तो बढ़िया है। अम्माजी, ज़रा पंजों पर खड़ी होइए।"

एकदाही जमलं नाही.

"उम्र के साथ नस ढीली होती है, चलने में दम ज़्यादा लगता है। मगर इतनी? लिटाकर किसने रखा?"

सुरभीच्या हातातली फाईल खाली पडली. "मैंने। मैंने ही।"

जिनं तोंडात घास भरवला, तिच्याच मायेनं मला निकामी केलं? आणि बाई आता पुन्हा चालतील, की खाटेलाच चिकटतील?

डॉक्टरांनी सांगितलं, रोज टाचा वर, टाचा खाली. महिने लागतील. पहिल्या दिवशी भिंत धरून दोनदा झालं. काल नऊ वेळा. मी काही पुन्हा तरुण होणार नाही, पण ओढ घेतेय. बायांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना जपा, पण आधी विचारा, मग झोपवा. आम्हाला कामावरून काढू नका.

काल दहाव्या वेळी बाई डोलल्या. सुरभीनं झटकन दोन्ही काखांत हात घातले.

"घाबरलीस?"

"हो, आई."

"मग धर. पण उचलू नकोस."