धुतलेला वास

लेकीच्या नवव्या दिवशी मी तिच्या आईचा वास धुऊन, स्टार्च करून, कडक इस्त्री मारून दवाखान्यात पोचवला.

माझी लॉण्ड्री आहे.

लेक आठ आठवडे आधीच आली. वजन अकराशे ग्रॅम. आमच्याकडे एवढ्या वजनाचे पलंगपोस येतात. ती मधूनच श्वास घ्यायचं विसरायची. बायकोचा रक्तदाब उतरत नव्हता, त्यामुळे तिला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून हलायची बंदी. नर्सताईंनी तोडगा काढला: हातरुमालाएवढा कपडा आईने दोन दिवस छातीशी धरायचा, मग तो बाळाच्या गालाजवळ ठेवायचा. वासावरून बाळ आईला ओळखतं.

बायकोने दोन दिवस धरला. मला त्यावर दुधाचा डाग दिसला. पुढचं माझ्या हातांनी केलं, मला न विचारता.

नर्सताईंनी घडी नाकाशी नेली. "बाबा, हे काय?"

"स्वच्छ आहे."

"तेच तर!"

लगेच बायकोचा फोन. "पोचले का रे मी तिच्यापर्यंत?"

मी खरं सांगितलं.

"लग्नातल्या शालूवरचा डाग तीन वर्षं निघेना तुझ्याच्याने," ती म्हणाली, "आणि मी एका धुण्यात गेले?" हसली, मग रडली. "आता कुणाला ओळखेल ती?"

"बाबांना," नर्सताई फोनमध्ये ओरडल्या. मला म्हणाल्या, "शर्ट काढा."

त्या खोलीत उजेड निळसर होता. काचेच्या पेट्यांत बाळं तरंगत होती आणि नळ्यांना जोडलेल्या बाटल्यांतून बुडबुडे येत होते. आपण सगळे तळ्याच्या तळाशी राहायला आलोय आणि कुणाचीच काही तक्रार नाही, असं वाटत होतं.

नर्सताईंनी लेकीला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून कापडी पट्टा बांधला. वजन लागेचना. कुणीतरी माझ्यावर ऊन ठेवून गेल्यासारखं वाटलं.

मग पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. पंच्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी.

"विसरली. पाठीवर हात फिरवा. बोला!"

हात फिरवला. जन्मभर मी गिऱ्हाइकांशीच बोललोय. तोंडातून आपसूक निघालं, "या ना, बसा. झालंच आहे तुमचं. घाई कसली? फक्त बाही राहिलीय."

लेकीने उसासा टाकला. अगदी गिऱ्हाइकासारखा. आकडा चढला.

मी बोलत राहिलो. उद्या नक्की देतो म्हणालो, बटण आमच्याकडे पडलं नाही म्हणालो. बुडबुडे वर जात होते. खुर्ची हळूच जमिनीवरून सुटली. आम्ही दोघं पेट्यांवरून, जिन्यावरून बायकोच्या मजल्याकडे निघालो. दारात ती केस सोडून उभी होती. म्हणाली, "उशीर केलात."

"बाबा."

डोळे उघडले. खुर्ची जागेवर. नर्सताई शेजारी उभ्या, त्यांचा एक हात लेकीच्या पाठीवर.

"ठरलेला तास कधीच होऊन गेला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही घोरत होता आणि ही त्याच तालावर श्वास घेत होती. एकदाही विसरली नाही. म्हणून उठवलं नाही."

"मग आत्ता का उठवलंत?"

"घोरणं थांबलं तुमचं," म्हणत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पलीकडून बायको कुजबुजली, "मी ऐकतेय. घोर ना."