अंगवळणी

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा दुकानात, खिडकीजवळच्या टेबलामागे माझी जागा आहे. मित्रांनो, माझ्या बैठकीत बरीच वर्षं एक खड्डा होता. तो ज्यांच्या बसण्याने पडला, ते आता नाहीत.

मी नवी होते तेव्हा ताठ होते, आणि त्याचा मला तोराही होता. घड्याळजी पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकली होती, पावलं जमिनीवर होती. पण टेबल बुटकं आणि स्क्रू मोहरीहून बारीक. डोळ्याला भिंग लावून ते कामावर ओणवे झाले, ते झालेच. माझी पाठ तशीच कोरी राहिली. बैठकीचा वेत मात्र पुढच्या बाजूला खचत गेला.

"अहो, जरा सरळ बसा," डबा ठेवताना त्यांची बायको म्हणायची.

"अंगवळणी पडलंय गं आता," ते हसून म्हणायचे.

गिऱ्हाईकं त्यांच्या हाताची तोंडभरून स्तुती करायची. पाठीकडे कुणी पाहायचं नाही. पुढे पुढे त्यांची मान वर होईना. ते माणसं चपलांवरून ओळखू लागले. "चपला खोटं हसत नाहीत," अशी वर थट्टाही करायचे. शेवटी त्यांना उताणं झोपताही येईना. उशांना टेकून, दुमडलेल्या छातीत श्वास शोधत शोधत ते गेले.

मग त्यांची लेक माझ्यावर बसू लागली. आईने वेत बदलायचं काढलं, तर ती एकदम म्हणाली, "नको आई. यात बाबा आहेत."

तिला वाटायचं, आपण बाबांच्या कुशीत बसतो. पण मित्रांनो, तो खड्डा त्यांच्या दुखण्याचा होता. तो तिला पुढे ओढायचा, तिचे खांदे गोल करायचा. मी जिवाच्या आकांताने ओरडायचे, पण खुर्चीचं ओरडणं म्हणजे नुसती करकर. तिने माझ्या सांध्यांत तेल सोडलं.

एका दुपारी आई डबा घेऊन दारात आली आणि समोरच्या वाकलेल्या पाठीला सहज म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

लेक मान वळवायला गेली, पण ती वळेना. तिला सगळं अंगच वळवावं लागलं, अगदी त्यांच्यासारखं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, काही नाही झालं," लेक हसली. "अंगवळणी पडलंय गं आता."

आईच्या हातून डबा निसटला. "बाबांची खुर्ची ठेव," ती रडत म्हणाली, "पण त्यांचं दुखणं नको गं ठेवूस."

दुसऱ्या दिवशी वेत विणणारा आला. त्याने जुना वेत कापला आणि तो खड्डा जमिनीवर गळून पडला. मला वाटलं, ते पुन्हा एकदा गेले. दोघी मायलेकी दाराकडे तोंड करून उभ्या होत्या.

नवा वेत घट्ट बसला. टेबलाच्या पायांखाली ठोकळे देऊन काम डोळ्यांजवळ आणलं. लेक मागे सरकून बसली, माझ्या पाठीला टेकली आणि तिने समोर पाहिलं.

"आई, भिंतीवरचं घड्याळ बंद आहे! कधीपासून?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, आम्ही खुर्च्या माणसाचा आकार घेतो आणि नंतर बसणाऱ्याला तोच देतो. म्हणून मागे सरकून बसा, पाठ टेकवा, काम वर उचलून घ्या, मधूनमधून उठून चाला. आपल्या माणसाची आठवण मनात ठेवा, पाठीत नको.

अजूनही कधी भर दुपारी नव्या वेतावर ते जुनं, ओणवं वजन येऊन बसल्यासारखं वाटतं. मी हळूच करकरते. लेक दचकते आणि सरळ बसते.